असईचा हत्ती: एका स्कॉटिश बिल्ल्याची कुळकथा

हायलँड लाइट इन्फंट्री या स्कॉटिश पलटणीचा टोपीवरचा बिल्ला म्हणजे एकावर एक रचलेल्या सहा खुणा. सगळ्यांत मागे चांदणी, ऑर्डर ऑफ द थिसल या स्कॉटलंडच्या मानाच्या पदकावरची. तिच्यावर रणशिंग. शिंगाच्या वेटोळ्यात पलटणीची एच, एल, आय ही आद्याक्षरे एकमेकांत गुंतवलेली. शिंगाच्या वर मुकुट, खाली फीत आणि फितीखाली, अगदी तळाला, एक छोटा हत्ती. फितीवर रोमन लिपीत एकच शब्द कोरलेला आहे: असई.

स्कॉटलंडच्या डोंगरात हत्ती नाहीत. ग्लासगोच्या गल्लीबोळांतून भरती झालेली पोरे पिढ्यानपिढ्या जो प्राणी कपाळावर मिरवत होती, तो जालना जिल्ह्यातल्या केळणा आणि जुई नद्यांच्या संगमाजवळच्या एका खेड्यातून गेला आहे. त्याच्या प्रवासाची सुरुवात मात्र पुण्यात, शनिवारवाड्याच्या दारात होते.

ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. दुसरा बाजीराव वसईला पळाला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याने इंग्रजांशी तह केला. त्याला पुन्हा गादीवर बसवायला पुण्यात जी कवायती फौज आली, तिच्यात ७८वी हायलँडर ही स्कॉटिश पलटण होती. ती कर्नल मरेच्या हाताखाली वसईहून पेशव्याच्या सोबत घाट चढून आली. म्हैसूरकडून निघालेला आर्थर वेलस्ली आधीच, २० एप्रिल १८०३ ला, पुण्यात पोहोचला होता. १३ मे रोजी बाजीराव आपल्या वाड्यात परतला. पुणेकरांनी पहिल्यांदा जवळून पाहिलेले स्कॉटिश शिपाई ते हेच असावेत. वाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत एके काळी शहराची भाजी विकली जाई. तो बाजार पुढे तिथून हलला आणि त्याला एका स्कॉटिश सरदाराचे नाव मिळाले. ते नाव या हत्तीच्या कुळाशी जोडलेले आहे, त्याचे पुढे येईलच.

ऑगस्टमध्ये वेलस्लीने अहमदनगरची पेठ आणि किल्ला घेतला. नगरच्या तटावर शिड्या लावणाऱ्यांत ७८वी होती. मग तो दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या मागावर निघाला. २३ सप्टेंबरला शत्रूचा तळ अपेक्षेपेक्षा बराच अलीकडे सापडला. वेळ घालवण्याऐवजी वेलस्लीने केळणा नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहिली आणि मधे उतार असणारच असा अंदाज बांधून फौज पाण्यात घातली. अंदाज खरा निघाला. पण शिंद्यांच्या कंपूनेही, म्हणजे कवायती फौजेनेही, त्याला चकित केले. पोलमान नावाच्या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखालच्या त्या पायदळाने आणि तोफखान्याने आपली सबंध फळी शिस्तीत वळवून नव्या दिशेला तोंड केले. देशी फौजेला हे जमणार नाही अशी इंग्रजांची समजूत होती.

वेलस्लीची डावी बाजू ७८वीने सांभाळली. त्यांनी तोफांची रांग ओलांडली, पण मेल्यासारखे पडून राहिलेले मराठी गोलंदाज मागून उठले आणि त्यांनी त्याच तोफा फिरवून इंग्रजांच्या पाठीवर डागल्या. उजवीकडे अनर्थ झाला. आघाडीच्या तुकड्यांचा अधिकारी ऑरॉक असई गावाच्या फार जवळ सरकला आणि त्याच्या मागोमाग ७४वी हायलँडर गेली. गावात तोफा आणि पायदळ दबा धरून होते. ७४वीने चौक बांधला, प्रेतांचा आडोसा केला आणि ती तिथेच कापली गेली. सुमारे पाचशे माणसांतली सुमारे चारशे मेली वा जखमी झाली. अधिकाऱ्यांपैकी धड राहिला तो एकटा क्वार्टरमास्टर जेम्स ग्रँट. उरलेल्यांना १९वी लाइट ड्रॅगून आणि मद्रासी घोडदळ यांनी धाव घेऊन सोडवले. संध्याकाळी मैदान इंग्रजांच्या हाती आणि मराठ्यांच्या ९८ तोफा त्यांच्या ताब्यात होत्या, पण इंग्रजांचीही दीड हजारांहून अधिक माणसे पडली होती. वॉटर्लू जिंकून झाल्यावरही, तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती, या प्रश्नाला वेलस्ली असईचे नाव घेई असे सांगतात.

आणि पुणे? पेशव्यांचे घोडदळ त्या दिवशी वेलस्लीच्या बाजूला, केळणेच्या अलीकडच्या काठावर उभे होते.

कलकत्त्यात तेव्हा गव्हर्नर जनरल होता रिचर्ड वेलस्ली, आर्थरचा सख्खा थोरला भाऊ. त्याने महिनाभरात, ऑक्टोबर संपण्याआधी, लढाईतल्या पलटणींना मानाची निशाणे जाहीर केली. ब्रिटिश पायदळाच्या पलटणीकडे एरवी दोन निशाणे असत. ७४वी आणि ७८वी यांना कंपनीकडून तिसरे मिळाले. पुढच्या काही वर्षांत हत्ती आणि त्याच्यासोबत ‘असई’ हे नाव मिरवण्याची राजाकडूनही परवानगी आली. १९वी लाइट ड्रॅगून या इंग्रजी घोडदळालाही तोच मान मिळाला आणि लढलेल्या मद्रासी पलटणींनाही. थोडक्यात, हा हत्ती जन्मतःच एकट्या स्कॉटलंडचा नव्हता. त्याला पहिल्या दिवसापासून अनेक भावंडे होती, आणि बिल्ले ओळखणाऱ्यांची निम्मी फसगत इथूनच सुरू होते.

उरलेली निम्मी फसगत सोळा वर्षे आधीची आहे. १७८७ मध्ये खास हिंदुस्थानातल्या नोकरीसाठी चार पलटणी एकदमच उभ्या केल्या गेल्या: ७४, ७५, ७६ आणि ७७. पहिल्या दोन स्कॉटलंडच्या, दुसऱ्या दोन इंग्लंडच्या. चौघी एका वयाच्या आणि एकाच कामावर आलेल्या, म्हणून त्यांच्या खुणाही एका रानातल्या. ७४वीला असईचा हत्ती मिळाला. ७५वी टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला लढली आणि तिला ‘इंडिया’ या शब्दासह वाघ मिळाला. ७६वी १८०३ मध्ये उत्तरेत जनरल लेकच्या हाताखाली अलीगड, दिल्ली आणि लासवारीला शिंद्यांच्याच कंपूंशी लढली, म्हणून तिला ‘हिंदोस्तान’ या शब्दासह हत्ती मिळाला. एकाच साली, एकाच शत्रूशी झालेल्या दोन मोहिमांतून दोन वेगळे हत्ती निघाले. एक दक्षिणेचा, एक उत्तरेचा.

मग आले १८८१. तोवर आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या पलटणींच्या जोड्या लावून त्यांना जिल्ह्यांची आणि प्रांतांची नावे देण्यात आली. ७१वी आणि ७४वी मिळून हायलँड लाइट इन्फंट्री झाली. ७२वी आणि ७८वी मिळून सीफोर्थ हायलँडर्स. ७५वी आणि ९२वी मिळून गॉर्डन हायलँडर्स. ७६वी इंग्लंडमधल्या ३३वीशी जोडली गेली आणि त्या घराला पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या वेलस्लीचेच नाव मिळाले: ड्यूक ऑफ वेलिंग्टन्स रेजिमेंट. ही सारी सोयरिकीसारखी झाली. दोन्हीकडचे देव एका देव्हाऱ्यात आले, आणि कुणाला पुढे बसवायचे, कुणाला मागे, हा वाद सुरू झाला.

तो वाद प्रत्येक घराने आपापल्या परीने मिटवला आणि त्याचा निवाडा धातूत ओतलेला आपल्याला मिळतो. सीफोर्थ हायलँडर्सनी टोपीवर ७८वीचे काळवीटाचे नव्हे तर सांबराच्या जातीचे, फाटेदार शिंगांचे शिर ठेवले. ही मॅकेन्झी कुळाची खूण. ७८वी १७९३ मध्ये मॅकेन्झींच्या प्रमुखानेच उभी केली होती. खालच्या फितीवर गेलिक भाषेत ‘कुडिख न री’, म्हणजे राजाच्या मदतीला धावा. शिंगांनी उडवायला आलेल्या जनावरापासून या कुळाच्या पूर्वजाने राजाला वाचवले अशी दंतकथा आहे. असईचा हत्ती त्यांनी सोडला नाही, पण टोपीचे स्थान कुळाच्या खुणेला दिले. हायलँड लाइट इन्फंट्रीने उलट केले. ७१वी १८०९ मध्ये हलके पायदळ झाली होती, तिचे शिंग मधे घेतले आणि ७४वीचा हत्ती त्याच्या पायाशी बसवला. गॉर्डननी ९२वीकडचे सरदारघराण्याचे, फाटेदार शिंगांचे शिर टोपीला आणि ७५वीचा वाघ कॉलरला दिला.

यातूनच वर्गीकरणाची किल्ली सापडते. स्कॉटिश बिल्ल्यावरची प्रत्येक खूण चार जातींपैकी एकीची असते. पहिली राज्याची: थिसलचे काटेरी फूल, संत अँड्र्यू आणि त्याचा तिरका क्रूस. ती कुणाकडेही असू शकते. ब्लॅक वॉच आणि कॅमेरॉन हायलँडर्स दोघांच्याही बिल्ल्यावर संत अँड्र्यू क्रूस धरून उभा आहे. दुसरी कुळाची: शिर, हात, रानमांजर, डुकराचे मुंडके, जे त्या पलटणीला जन्म देणाऱ्या सरदाराच्या घरातून आले. तिसरी कामाची: शिंग म्हणजे हलके पायदळ, पेटता गोळा म्हणजे फ्युजिलियर. चौथी रणाची: हत्ती, वाघ, इजिप्तच्या १८०१ च्या मोहिमेचा स्फिंक्स, वॉटर्लूला फ्रेंचांकडून हिसकावलेला स्कॉट्स ग्रेजचा गरुड. बिल्ला हातात आला की आधी त्याच्या खुणा या चार रकान्यांत वाटाव्यात. घर पक्के करते ती कुळाची किंवा रणाची खूण. राज्याची आणि कामाची खूण नुसता प्रदेश आणि काम सांगते.

नवशिका चुकतो तो एकाच खुणेवर भिस्त ठेवून. फाटेदार शिंगांचे शिर दिसले की तो गॉर्डन म्हणतो किंवा सीफोर्थ म्हणतो, नाणे उडवल्यासारखे. खरे तर फरक ठळक आहे. सीफोर्थचे शिर समोर तोंड करून, मानेशिवाय, मोकळे असते. गॉर्डनचे शिर सरदारी मुकुटातून वर येते आणि त्याच्याभोवती आयव्हीच्या वेलीची माळ असते, खाली ‘बायडँड’ हा शब्द. वेल असेल तर गॉर्डन, नसेल तर सीफोर्थ. वाघाचेही तसेच. ‘इंडिया’ लिहिलेला वाघ गॉर्डनच्या कॉलरवर आहे, तसा हॅम्पशायर रेजिमेंटकडेही आहे, आणि ‘हिंदोस्तान’ लिहिलेला लेस्टरशायरचा आहे. शेवटचे दोघे अस्सल इंग्रज.

हत्तीचा गुंता याहून मोठा. पाठीवर अंबारी असेल तर तो ७६वीचा, म्हणजे ड्यूक ऑफ वेलिंग्टन्स रेजिमेंटचा, इंग्रजी. शेजारी वाघ असेल तर रॉयल डब्लिन फ्युजिलियर्स. ही आयरिश पलटण कंपनीच्या मद्रास आणि मुंबईच्या गोऱ्या पलटणींची वारस. तिच्या मानाच्या लढायांत आपली खडकीही आहे. ‘असई’ लिहिलेला हत्ती घोडदळाच्या गणवेशावर असेल तर तो १९व्या हुसार्सचा. आणि सगळ्यांत फसवा हत्ती, झूल घातलेला, अंबारीशिवाय, कॅनॉट रेंजर्सच्या कॉलरवरचा. ही आयर्लंडची पलटण. अनेक संग्रहांत तिचा हत्ती स्कॉटिश म्हणून लावलेला असतो. ते चूक आहे, आणि गंमत अशी की मुळात बरोबरही आहे.

कारण तो हत्ती तिला ९४व्या पलटणीकडून आला, आणि मूळची ९४वी म्हणजे स्कॉच ब्रिगेड. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दोनशे वर्षे स्कॉटिश शिपाई डच सरकारच्या पगारावर हॉलंडमध्ये लढत होते. १७८२ मध्ये डचांनी त्यांना आपल्या राष्ट्राची शपथ घ्यायला सांगितली, तेव्हा बरेच अधिकारी परतले. १७९४ मध्ये ब्रिगेड ब्रिटिश सैन्यात पुन्हा उभी राहिली आणि १८०२ मध्ये तिला ९४ हा आकडा मिळाला. श्रीरंगपट्टण झाल्यावर ती १८०३ मध्ये अकोल्याजवळच्या अडगावला आणि डिसेंबरात मेळघाटातल्या गाविलगडावर लढली. गाविलगडाच्या आतल्या तटावर शिडी लावून चढली ती तिचीच एक तुकडी. या नोकरीबद्दल तिला हत्ती मिळाला. १८१८ मध्ये ती मोडली, काही वर्षांनी त्याच आकड्याची दुसरी पलटण निघाली, तिने जुना मान मागून घेतला आणि १८८१ मध्ये ती आयरिश ८८वीबरोबर जोडून कॅनॉट रेंजर्समध्ये गेली. स्कॉटलंडचा, डच मिठावर वाढलेला, विदर्भात मिळालेला हत्ती असा आयरिश कॉलरवर पोहोचला.

या स्कॉच ब्रिगेडमधले एक मोठे नाव मॅके. उत्तर स्कॉटलंडच्या या कुळाची एक शाखा ब्रिगेडमध्ये कर्नल म्हणून गेली आणि हॉलंडमध्येच स्थायिक झाली. त्या शाखेत १८३९ मध्ये हेग शहरात जन्मलेला डोनाल्ड जेम्स मॅके डच संसदेत बसला, मग ब्रिटिश नागरिक झाला आणि वडिलांमागून अकरावा लॉर्ड रे म्हणून मॅके कुळाचा प्रमुख. १८८५ ते १८९० तो मुंबईचा गव्हर्नर होता. १८८६ मध्ये पुण्याच्या शुक्रवार पेठेत, खासगीवाल्यांच्या बागेच्या जागेवर उभ्या राहिलेल्या नव्या बाजाराला त्याचे नाव दिले गेले: रे मार्केट. आजची महात्मा फुले मंडई. शनिवारवाड्यासमोरची भाजी इथे आली.

मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याखाली वांगी-मेथी विकली गेली त्यात मॅके कुळाचा काही दोष नाही, पण बिल्ले लावणाऱ्याने हे कुळ ध्यानात ठेवावे. मॅकेंची खूण म्हणजे खंजीर उगारलेला हात आणि ‘मानू फोर्ती’, बलवान हाताने, हे लॅटिन ब्रीद. स्कॉटिश बिल्ल्यांच्या प्रत्येक ढिगात असे हात, मुंडकी, झाडे असलेले बिल्ले निघतात आणि हौशी माणूस त्यांना पलटणींच्या यादीत शोधत बसतो. ते तिथे सापडत नाहीत. खुणेभोवती बक्कल लावलेला पट्टा गोल फिरलेला असेल आणि पट्ट्यावर ब्रीद असेल, तर तो कुळाचा बिल्ला. कुळातला कोणीही साधा माणूस तो लावतो. कुळाचा प्रमुख स्वतः पट्ट्याऐवजी साधे कडे घेतो आणि त्यामागे गरुडाची तीन पिसे खोचतो. लॉर्ड रेचा मान या दुसऱ्या प्रकारचा होता. सैन्याशी त्याचा संबंध नाही. पट्टा-बक्कल दिसले की पलटणींची यादी मिटावी आणि कुळांची उघडावी, हा नियम सहसा चुकत नाही. वस्तू नीट लावून ठेवण्याची हौस त्या इमारतीलाही होती. मंडईच्याच वास्तूत लॉर्ड रेच्या नावाचे औद्योगिक संग्रहालय होते, जे पुढे घोले रस्त्यावर गेले आणि आज महात्मा फुले वस्तुसंग्रहालय म्हणून चालते.

पुण्याचा दुसरा मोठा बाजार, लष्करातला कॅनॉट मार्केट, आजचा शिवाजी मार्केट. तो ज्याच्या नावे होता तो ड्यूक ऑफ कॅनॉट, राणी व्हिक्टोरियाचा मुलगा, १८८६ ते १८९० मुंबईच्या सैन्याचा सरसेनापती होता, आणि १९०१ पासून हायलँड लाइट इन्फंट्रीचा मानद प्रमुख. नावावरून त्याला कॅनॉट रेंजर्सचा धनी समजणे हीही नेहमीची चूक. १८८८ च्या मार्चमध्ये हरी रावजी चिपळूणकरांच्या मेजवानीत महात्मा फुले या ड्यूकपुढे मुद्दाम शेतकऱ्याच्या फाटक्या वेषात उभे राहिले आणि खरी प्रजा कशी दिसते ते त्याला सांगितले. खूण कशी लावायची हे त्या सभेत फुल्यांइतके कुणालाच कळलेले नव्हते. १९३८ मध्ये नगरपालिकेत निवडून आलेल्या आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने रे मार्केटला फुल्यांचे नाव मिळाले.

घर ठरले की काळ ठरवायचा. बिल्ल्यांचा धंदा करणारे आधी मुकुट पाहतात. राणी व्हिक्टोरियाच्या काळचा मुकुट वेगळा. १९०१ ते १९५२ या चार राजांच्या काळात मुकुटाच्या कमानी गोल फुगलेल्या. एलिझाबेथच्या काळात, १९५३ पासून, त्या मधे खाली दबलेल्या. हा हिशेब बहुतेक बिल्ल्यांना चालतो, पण आपल्या हत्तीवाल्या बिल्ल्यालाच नीट लागू पडत नाही. कारण त्याच्यावरचा मुकुट ब्रिटनचा नेहमीचा नव्हे. पलटणीच्या गणवेशाच्या नियमांत तो ऑर्डर ऑफ द स्टार ऑफ इंडिया या १८६१ च्या पदकाच्या गळ्यातल्या साखळीवर जसा आहे तसा असावा असे ठरवलेले होते. म्हणजे बिल्ल्यात हिंदुस्थान दोनदा आहे, तळाला हत्तीत आणि माथ्यावर मुकुटात. मुकुट ‘चुकीचा’ दिसतो म्हणून अस्सल बिल्ला नकली ठरवून टाकणारे लोक आहेत.

मग पाठ पाहायची. इंग्रजी पलटणींच्या विसाव्या शतकातल्या टोपीच्या बिल्ल्याला मागे बहुधा उभी पट्टी असते, जी टोपीच्या घडीत सरकते. स्कॉटिश टोप्या, म्हणजे ग्लेनगॅरी आणि बॉनेट, मऊ कापडाच्या. त्यांच्या बिल्ल्यांना मागे दोन कड्या असतात, त्या कापडातून आत घालून पिनेने अडकवायच्या. हायलँडच्या बिल्ल्याला मागे पट्टी दिसली की भुवई उंचवावी. धातूही बोलतो. शिपायाचा बिल्ला पांढऱ्या धातूच्या एका पत्र्यातून साच्यात दाबलेला, अधिकाऱ्याचा चांदीचा, त्यावर सोनेरी मुलाम्याच्या खुणा वेगळ्या बसवलेल्या. जुना दाबलेला बिल्ला मागून पाहिला तर पुढच्या नक्षीचे खळगे मागे उमटलेले दिसतात. बिल्ल्यावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल मागून सपाट आणि भरीव असते, कडा बोथट असतात, आणि हत्तीचा डोळा व कान यांच्यातला फरक हरवलेला असतो. १९५० नंतर पॉलिशची गरज नसलेले, चकचकीत मुलामा दिलेले हलके बिल्ले निघाले. त्यांवर जुना मुकुट असेल तर बहुधा काहीतरी घोळ आहे.

आता शिंगाकडे. हत्तीने लक्ष वेधून घेतल्यामुळे या बिल्ल्यातले शिंग दुर्लक्षित राहते, पण मराठी माणसाला ते ओळखीचे वाटायला हवे. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यावरही हेच शिंग आहे, ढाल-तलवारींसह आणि वर अशोकस्तंभाचे सिंह. हे दोघांनी एकमेकांचे घेतलेले नाही. दाट रांगेत न चालता विखरून पुढे जाणारे, नेम धरून मारणारे हलके पायदळ शिंगाच्या आवाजावर हालचाल करी, म्हणून ती त्या कामाची खूण. मुंबई सैन्याच्या ५व्या पलटणीला, आजच्या ‘काली पांचवी’ला, बलुचिस्तानातल्या काहान या एकाकी गढीच्या बचावानंतर १८४१ मध्ये हलक्या पायदळाचा मान मिळाला. ७१वीला तो १८०९ मध्ये मिळाला होता. शिंग पाहून ‘ही स्कॉटिश पलटण’ असे म्हणता येत नाही, आणि ‘ही मराठ्यांची’ असेही नाही. ते कामाच्या रकान्यात जाते.

१९५९ मध्ये हायलँड लाइट इन्फंट्री आणि रॉयल स्कॉट्स फ्युजिलियर्स एकत्र झाल्या. नव्या बिल्ल्यावर फ्युजिलियरांचा पेटता गोळा आला, गोळ्याच्या पोटात एच, एल, आय ही जुनी अक्षरे राहिली, आणि हत्ती टोपीवरून उतरला. १९६१ मध्ये सीफोर्थ आणि कॅमेरॉन जोडले गेले. २८ मार्च २००६ रोजी उरलेल्या बहुतेक सगळ्या स्कॉटिश पायदळाची एकच रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड झाली. तिच्या बिल्ल्यावर तिरका क्रूस आणि त्यावर उभा सिंह. चार जातींपैकी फक्त राज्याची खूण उरली. कुळ, काम आणि रण तिन्ही टोपीवरून गेली. असईचे तिसरे निशाण मात्र त्यांनी जपले आहे.

हत्ती अजून टोपीवर आहे तो भारतीय सैन्यात. असईत ज्यांच्या जुन्या पलटणी इंग्रजांकडून लढल्या त्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर, ढालीवर आणि दोन तलवारींवर, हाच हत्ती उभा आहे. तिचे केंद्र निलगिरीत आहे आणि त्या गावाचे नाव वेलिंग्टन. ज्यांचे गोलंदाज तोफांशेजारी मेल्याचे सोंग घेऊन पुन्हा उठले, त्या शिंद्यांच्या कंपूकडे या लढाईची कसलीच खूण नाही, कारण हरलेल्या फौजेला बिल्ले मिळत नाहीत.

म्हणून माझे म्हणणे असे की, आपल्याकडच्या संग्रहांत हा बिल्ला ‘स्कॉटिश, पायदळ’ एवढ्या चिठ्ठीखाली लावणे अपुरे आहे. राज्य, कुळ, काम यांच्या जोडीला रणाचा रकाना भरला पाहिजे, आणि त्यात लढाईचे इंग्रजी नाव उतरवून न घेता गाव, नदी, तालुका आणि समोर कोण उभे होते तेही लिहिले पाहिजे. असे केले तर कॅनॉटचा हत्ती गाविलगडाच्या पानावर येईल, डब्लिनचा खडकीच्या, आणि ग्लासगोच्या पोरांनी मिरवलेला तो छोटा प्राणी जालन्याच्या. लंडनमधल्या याद्यांत तो पलटणींच्या क्रमाने लावलेला आहेच. त्याला आपल्या भूगोलाच्या क्रमाने लावणे हे काम इथल्याच माणसाला करावे लागेल, कारण केळणेचा उतार कुठे होता हे विचारायचे तर ते जालन्यातच विचारावे लागते.